नसीमचा खालचा सूर

नसीम, तुला नेलं तेव्हा आम्ही बायका घरातच होतो. गल्लीच्या वळणापर्यंत माणसं दिसली, मग दिसेनाशी झाली, आणि मी तुझ्या कॉम्प्युटरच्या खुर्चीत येऊन बसले, कारण दुसरीकडे टेकायला जागाच नव्हती. कुणीतरी पाणी आणून दिलं. कुणीतरी पाठीवर हात ठेवून उर्दूत काहीतरी चांगलं बोललं. आणि माझा उजवा पाय, तुला हे खोटं वाटणार नाही, जमिनीवर ठेका धरून बसला होता. तुझीच कुठलीतरी धून होती. मी तो पाय दाबून धरला तर डाव्याने सुरू केलं. एवढ्या रडणाऱ्या बायकांमध्ये मी एकटी ठेका धरून बसलेली. तू असतीस तर तोंडात ओढणी कोंबून हसली असतीस आणि मग मलाच दटावलं असतंस.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलताहेत. मनमिळाऊ होती, हाताला चव होती, सासू-सासऱ्यांचं केलं. सगळं खरं आहे. पण तू दुपारभर बसून जे करायचीस त्याचं नाव कुणी काढत नाही, कारण त्याला काय म्हणायचं तेच कुणाला माहीत नाही. शेजारची खैरून आपा तर मला म्हणाली, "बिचारी ऑफिसचं काम घरी आणून करत होती." मी हो म्हटलं. काय समजावत बसू?

तू माझ्या क्लासात आलीस ती टायपिंग शिकायला. अकोल्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यातलाच एक माझा, जिन्याखालच्या खोलीत. तुझी लेक सना शाळेत जायला लागली होती आणि दुपार तुला खायला उठायची, असं तूच सांगितलंस. टायपिंगमध्ये तुझं काही खरं नव्हतं. चुकीची कळ दाबली की कॉम्प्युटर टूं करायचा आणि तू मुद्दाम चुकीची कळ दाबायचीस. मी ओरडायला आले तर मान वर न करता विचारलंस, "मॅडम, ह्या डब्यात याच्याबिगर अजून आवाज आहेत का?"

होते. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत मी एक सॉफ्टवेअर पाहून ठेवलं होतं. पडद्यावर खुंट्या आणि बटणं काढलेली, आणि टायपिंगच्याच कळा दाबल्या की आतून सूर निघायचा. तार नाही, भाता नाही, कातडं नाही, वाद्य म्हणून हातात धरायला काहीच नाही. माउसने एक खुंटी फिरवली की तोच सूर बासरीसारखा बारीक व्हायचा, दुसरी फिरवली की गुबगुबीत व्हायचा. तू तीन-चार कळा दाबल्यास आणि डोळे मिटलेस. बाकीच्या मुलींना मी तक्ता कसा आखायचा ते शिकवत होते, आणि कोपऱ्यातून तुझा तो गुबगुबीत सूर येत होता, मध्येच अडखळत, मध्येच उड्या मारत. त्या दिवसानंतर तू टायपिंगचं नाव काढलं नाहीस.

मग कळलं की तू बँडवाल्याची मुलगी. तुझे अब्बा क्लॅरनेट वाजवायचे. चाचांकडे मोठा भोंगा होता आणि सबंध वरातभर ते खालचा एकच सूर धरून चालायचे. अंगणात सराव चालायचा तेव्हा तू दाराच्या आत कणीक मळत सगळ्यांचे भाग पाठ करायचीस. कोण कुठे चुकला ते तुला बाहेरच्यांच्या आधी कळायचं. पण मुलीने बँडमध्ये उभं राहायचं नसतं, आणि यावर तुमच्या घरात कधी वादसुद्धा झाला नाही, एवढं ते उघड होतं. माझा जुना कॉम्प्युटर तुझ्या घरी आला त्या दिवशी तू त्याला पुसून-बिसून घेतलंस आणि म्हणालीस, "आता माह्या एकटीचा बँड."

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. बाहेर अकोल्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. आत खिडकीत सलीमभाईंनी, तुझ्या नवऱ्याने, स्वतः पत्रा ठोकून केलेला कूलर. त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, तेव्हा मोटरही त्यांच्याच हातची. ओल्या वाळ्याचा वास, अंगावर येणारे पाण्याचे बारीक थेंब, आणि कूलरच्या अगदी पुढ्यात तुझं टेबल, कारण कॉम्प्युटर तापला की अडकून बसायचा. तू खुंट्या फिरवायचीस आणि मी चटईवर आडवी पडून ऐकायचे. कधी डोळा लागायचा आणि झोपेतच तुझी धून बदलायची. जागी झाले की तू विचारायचीस, "कोणती चांगली, आधीची का आताची?" मी झोपेतलीच सांगायचे, जी तू वाजवलीच नव्हतीस. मग आपण ती शोधत बसायचो.

आणि नावं काय ठेवायचीस एकेका धुनेची! पळालेली बकरी. सरकीची फुगडी. ऑटोत बसलेली आत्या. ती आत्या खरोखर ऑटोत बसायची. गचके खात, पदर सावरत, मध्येच पिशवी सांडत, आणि सगळं फक्त सुरांत. एक कुल्फीवाला ती धून भोंग्यावर लावून अख्ख्या खोलेश्वर भागात फिरायचा आणि पोरं नाचत त्याच्या मागे जायची. ती अकोल्यातल्या एका बाईने घरात बसून केलीय हे त्या पोरांना आजही माहीत नसेल.

पण आपलं भांडणही त्याच आत्यावरून झालं, आठवतं? ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पाऊस नुसता भरून येऊन जात होता, आणि चांदूर बाजारकडे माझं माहेर, तिकडून फोन आला की उचलायची भीती वाटायची. त्या दिवशी मी गावाहून परतले होते. माझ्या भावाचा जिवलग मित्र गेला होता, त्याच्या घरी बसून आले होते. ते घर कसं होतं ते इथे लिहीत नाही. थेट तुझ्याकडे आले तर तू आत्याला ऑटोतून उतरवत होतीस, टुणटुण टुणटुण. माझं डोकं फिरलं. आजूबाजूला काय चाललंय ते तुला दिसत नाही का, एक धून तरी दुःखाची करावीशी वाटत नाही का, असं मी बरंच काही बोलले.

तू आधी धून बंद केलीस. मग चहा ठेवलास. मग अब्बांच्या बँडची रीत सांगितलीस. वरात गावातून जाताना ज्या घरी माणूस गेलेलं असेल त्या घरासमोर बँड थांबतो. ते घर ओलांडेपर्यंत कुणी फुंकायचं नाही, ढोलावर टिपरी पडू द्यायची नाही, सगळ्यांनी नुसतं चालायचं. पूर्वी सबंध मोसमात एखाद-दोनदा थांबावं लागे. त्या वर्षांत अब्बा घरी येऊन सांगायचे, आज अमक्या गावात थांबलो, आज तमक्या गावात. एका गावात तर वरात निघाली ती मारुतीच्या पारापर्यंत बँड वाजलाच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग पारापाशी वाजवला. जोरात वाजवला. ते घर गेलं का पुन्हा वाजवा लागते, ताई. मागं नवरदेव उभा असते न. त्याचं काय चुकलं?"

माझं समाधान झालं नव्हतं. आजही पुरतं झालेलं नाही. एक तरी धून उदास असायला हवी होती, असं मी तुला शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि तू म्हणत राहिलीस की मला एवढं येतं तर मीच करावी. मी केलीही होती एक. तू ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकलीस आणि म्हणालीस, केसांच्या तेलाच्या जाहिरातीला चांगली आहे. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

लग्नं तर कमीच होत गेली. जी झाली ती सामूहिक विवाहात, एका मांडवात कितीतरी जोडपी आणि सगळ्यांना मिळून एकच बँड. शेवटी अब्बांनी क्लॅरनेट फडक्यात गुंडाळून ठेवली. तू मात्र कॉम्प्युटरवर त्यांच्या क्लॅरनेटसारखा सूर काढायची खटपट करत राहिलीस. जमला की त्यांना ऐकवायचीस आणि ते म्हणायचे, श्वास कुठे घेतला यानं? म्हणून तू मग मुद्दाम मध्ये श्वास घेण्यापुरती जागा ठेवायला लागलीस. त्या यंत्राला श्वास लागत नाही, पण अब्बांना लागायचा.

आता कूलरचं सांगते. हे आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

अमरावतीला माझा एक आतेभाऊ शाळांच्या गॅदरिंगसाठी गाणी रेकॉर्ड करून द्यायचा. मी मोठ्या तोऱ्यात तुझ्या धुनांची सीडी घेऊन त्याच्याकडे गेले. त्याची खोली बंद, एसी लावलेला, भिंतींना गाद्या. त्याने ऐकलं आणि म्हणाला, वरचं सगळं छान आहे, पण खाली काहीच नाही, घराला पायाच नाही. मी भडकले. पण मलाही तिथे ती आत्या हवेत लटकल्यासारखी वाटली. परत येताना सबंध रस्ताभर मला कळेना, रोज ऐकते ती हीच धून, मग तिचं झालं काय?

घरी आले, तुला सांगितलं. तू कूलर लावलास, कॉम्प्युटर लावलास, धून लावलीस. पाया जागच्या जागी होता. आपण एकमेकींकडे पाहिलं. मग तू उठून कूलरचं बटण बंद केलंस, पंखा मंदावत गेला, आणि धून आपल्या डोळ्यांदेखत हाडकुळी झाली.

तू हसता हसता जमिनीवर बसलीस. इतकी वर्षं तू सगळ्या धुना सलीमभाईंच्या कूलरच्या सुरावर रचल्या होत्यास. चाचांचा भोंगा तो कूलरच वाजवत होता आणि आपण दोघी तो धुनेतच धरून चाललो होतो. हिवाळ्यात माझा हात चालत नाही, असं म्हणून तू कॉम्प्युटर झाकून का ठेवायचीस तेही तेव्हा उलगडलं. आणि हे इतके दिवस कळलं नाही याला कारण मी. लाइट गेली की आधी सेव्ह करायचं आणि लगेच बंद करायचं, हा माझ्या क्लासचा नियम. भारनियमन पाचवीला पुजलेलं, यूपीएस किंचाळायला लागला की तू नियमाप्रमाणे धून थांबवायचीस. कूलरशिवाय ती ऐकण्याची वेळ कधी आलीच नाही.

मग मी म्हटलं, चल, खाली एक सूर टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. तू नाही म्हणालीस.

"तो हाये न घरात. दोनदा काहून लावू?"

"आणि ज्याच्या घरी कूलर नाही त्याने काय करायचं?"

"त्यानं माह्या घरी यावं."

हा आपला दुसरा वाद, आणि हा तर कितीतरी वर्षं चालला. एका शाळेच्या कवायतीसाठी तू नाइलाजाने खालचा सूर घातलास, ती धून तुला कधीच आवडली नाही. बाकी सगळ्यांत तू आता जाणूनबुजून खालची जागा मोकळी ठेवायचीस. मी तुला हट्टी म्हणायचे, आडमुठी म्हणायचे. तू सूर लावण्याआधी कूलरला कान द्यायचीस, व्होल्टेज कमी असलं की म्हणायचीस, आज हा उतरलाय, थोडं थांबू. आणि आपण थांबायचो. काही न करता, कूलर बरा होण्याची वाट पाहत, दोन शहाण्या बायका. मला आयुष्यात असं निवांत कुणी बसवलं नव्हतं. हे तुला सांगायला हवं होतं. राहून गेलं.

सना अमरावतीला एका लॅबमध्ये नोकरीला लागली, खोली घेऊन राहायला लागली. मागच्या उन्हाळ्यात तू तिच्यासाठी धून केलीस. इतका वेळ तू कुठल्याच धुनेला दिला नव्हतास. सकाळी डबा भरताना लावत जा, असं सांगून पेन ड्राइव्ह पाठवलास. तिने आपल्या खोलीत, मोबाइलवर उतरवून घेऊन, ती ऐकली आणि तुला फोन केला की अम्मी, हे तर रिकामं रिकामं लागून राहिलं. तू हसलीस. "घरी येशीन तवा ऐकशीन," एवढंच म्हणालीस. आपली थट्टा केली असं वाटून तिने रागाने फोन ठेवला. मग तिला सुट्टी मिळाली नाही, उन्हाळा संपला, कूलर झाकला गेला. ईदला आली तेव्हा त्या धुनेचा विषय ना तिने काढला ना तू. आणि थंडी पडायला लागली तशी तू एका सकाळी कुणाला काही कळायच्या आत गेलीस.

त्या दिवशी तुझी मुलगी रडत नव्हती, नसीम. माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "खाला, अम्मीनं सगळ्याइले पुरं करून देलं. माह्यंच अर्धं ठेवलं." आई थकली होती, आपण नोकरीच्या गडबडीत ते ओळखलं नाही, वर तक्रार केली, आणि तिने ते काम तसंच सोडून दिलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मी तिला कूलरचं सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण समजूत घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहतो. मला मावशी मानून खाला म्हणणारी, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. म्हणाली, तुम्हाला येतं न ते, मग तुम्हीच पुरं करून द्या.

तुझ्याशी वाद जिंकायची ही आयती संधी होती आणि मी ती घेतली. दुसऱ्या दिवशी क्लासात बसून तुझी धून उघडली आणि खाली एक सूर टाकला. खरंच दोन मिनिटं लागली. धून ठणठणीत झाली. कुठेही लावा, अमरावतीला लावा, लंडनला लावा, वाजेल. माझं बरोबर होतं. मी ती पुन्हा ऐकली आणि मला तुझा भयंकर राग आला, कारण माझं बरोबर होतं आणि नाही म्हणायला तू नव्हतीस. नंतर किती वेळ मी तिथे बसून रडले ते मला माहीत नाही. मुली यायची वेळ झाली तेव्हा तो सूर काढून टाकला आणि सनाला फोन करून सांगितलं, रविवारी घरी ये, दुपारी.

रविवारी आम्ही तिघं होतो, सना, सलीमभाई आणि मी. कूलरवर तू शिवलेलं कव्हर होतं, अब्बांच्या बँडच्या लाल कोटांचं, सोनेरी झालरीसकट. सलीमभाईंनी ते काढून घडी केलं. मग बादली घेऊन पाणी भरायला गेले. मी म्हटलं, भाई, एवढ्या थंडीत पाणी कशाला, नुसता पंखा पुरे. ते म्हणाले, "पानी बगैर आवाज अलग आता है, ताई." ते तिकडे दुकानात असताना आपण इकडे काय करतो हे त्यांना कळत नाही, असं आपल्याला उगाच वाटायचं.

कूलर सुरू झाला. गारठ्याचा झोत अंगावर आला, आम्ही शाली ओढून घेतल्या. सलीमभाई कानटोपी घालून उभे होते. तशात मी धून लावली. सुरुवातीला वाळा नीट भिजला नव्हता, पंखा आपला खडखडत होता. मग त्याचा सूर चढत चढत आपल्या जागी आला आणि वरची धून त्यावर अलगद येऊन बसली. सना डबा भरतेय, घाई करतेय, एक पोळी दुमडून उभ्या उभ्या खातेय, चप्पल सापडत नाही, सापडली, आणि मग जिना, धडाधड खाली. सगळं होतं त्यात. मध्ये श्वासापुरती जागाही होती. खैरून आपा दारात आली, भर थंडीत कूलर आणि वर ही नाचरी धून ऐकून तिने आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

सना रडली. अगदी मोठ्याने रडली, लहानपणी रडायची तशी, आणि रडता रडता पुन्हा लावा म्हणाली. मी पुन्हा लावली.

निम्मी झाली असेल आणि ती उठली. कूलरपाशी गेली आणि तिने बटण बंद केलं. मला वाटलं थंडी सोसत नाही. मी तसं विचारलं.

"नाही, खाला. आता त्याच्याबिगर बी ऐकू येऊन राहिलं मले."

पंखा थांबला. धून एकटीच पुढे चालली होती, बारीक, मोबाइलवर वाजते तशी. सना डोळे पुसत हसत होती. सलीमभाई डोळे मिटून मान डोलवत होते, अगदी ठेक्यात. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. मीही मान डोलवली, पोरीसमोर दुसरं काय करणार. पण तुला सांगते, मी कान देऊन शेवटपर्यंत ऐकलं आणि खाली काही नव्हतं. मला अजून कूलर लागतो, नसीम.